त्या पानावर कोण बसलंय?

"मॅडम, ज्या गावाला मी कधी गेलेच नाही, त्या गावाच्या आठवणीनं मला रडू येतं. मला काही झालंय का?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. गाव तेवढं बदलतं. कॉलेजातल्या एका मुलासाठी ते जपानमधलं क्योतो होतं. एका निवृत्त शिक्षकांसाठी लखनौ होतं. शायरीच्या वेडापायी ते साठीनंतर उर्दू लिपी शिकले आणि घरच्यांच्या नकळत कबाब खायला लागले. आणि बंगाल! मराठी वाचकांच्या घरात तो कितीतरी पिढ्यांचा पाहुणा आहे. मामा वरेरकरांनी बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय, म्हणजे शरदबाबूंना मराठीत आणलं आणि आपल्याकडच्या कित्येक मुलींनी सुट्टीतल्या दुपारी हुगळीकाठच्या खेड्यांत घालवल्या.

त्यांपैकीच एक बाई माझ्याकडे आल्या. आपण त्यांना ताई म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय चोपन्न, पुण्यात घर, नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. तेराव्या वर्षी आईच्या कपाटातली ती भाषांतरं हाताला लागली आणि तेव्हापासून मन तिकडेच. पुढे त्या खाण्याकडेही वळल्या. मेथी, जिरं, मोहरी, बडीशेप आणि कलौंजी असं पंचफोडण त्या घरी बरणीत भरून ठेवत. शाकाहारी असल्यामुळे माशांच्या वाटेला गेल्या नाहीत, पण लुची, खोबऱ्याचे तुकडे घातलेली हरभऱ्याची डाळ, खसखशीतले बटाटे हे सगळं त्यांना उत्तम जमायचं. लुचीला घरचे पुरी म्हणत आणि खात. शुक्तोला मात्र कुणी हात लावत नसे. बंगाली जेवणाची सुरुवात कडूपासून होते, कारलं घातलेली ही भाजी सगळ्यात आधी खायची असते. यजमान म्हणायचे, "आधीच कडू? आपल्याला नाही जमायचं."

"घरात माझी थट्टा होते," ताई म्हणाल्या. "त्याचं काही नाही. पण मला इथलं काही गोडच लागत नाही हो. माझा जन्म चुकीच्या जागी झाला असं वाटतं."

माझा पहिला अंदाज चुकला. मुलगी परदेशी गेलेली, नोकरी संपलेली, तेव्हा ही पोकळी असणार असं मी धरून चालले. दोन भेटी त्यात गेल्या. ताई नम्रपणे उत्तरं देत राहिल्या आणि मनात कुठेच काही हललं नाही. ही ओढ मुलगी जन्मायच्याही आधीची होती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. ऐकायची मी कमी पडले.

माझी घडण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धती कि. मो. फडके सरांनी महाराष्ट्रात रुजवली. तिनं मला एक गोष्ट शिकवली, ती आजवर कधी खोटी ठरलेली नाही: इच्छा माणसाला छळत नाही, इच्छेचा हट्ट झाला की तो छळतो. म्हणून तिसऱ्या भेटीत मी ताईंना एक वाक्य पूर्ण करायला सांगितलं. "मी बंगालला गेले नाही, तर..."

त्या लगेच म्हणाल्या, "तर माझं खरं आयुष्य सुरूच होणार नाही."

"म्हणजे गेली चोपन्न वर्षं?"

"ती नुसती काढली."

काटा इथे होता. बंगाल आवडणं, त्याची स्वप्नं पडणं, मोहरीच्या तेलाच्या वासानं डोळे भरून येणं, यात दुखण्यासारखं काही नाही. पण खरं जगणं तिथे आणि इथे नुसता प्रतीक्षालयातला मुक्काम, असं एकदा ठरवलं की रोजचा वरणभात बेचव होणारच. त्यात वरणभाताचा काही दोष नसतो.

मग मी त्यांना शरदबाबूंची एक गोष्ट सांगितली. 1903 साली ते रंगूनला गेले आणि 1916 पर्यंत तिथे राहिले, सरकारी हिशेबाच्या कचेरीत कारकुनी केली. बंगालच्या खेड्यांतल्या ज्या घरांवर आपण जीव टाकला, त्यांतली बरीचशी त्यांनी समुद्रापलीकडे बसून लिहिली. ताईंना हे ठाऊक होतं, पण असा विचार त्यांनी केला नव्हता. "म्हणजे ते पण आठवूनच लिहीत होते?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच थोड्या सैल झाल्या. कागदावरचा बंगाल हा मुळातच दूर राहणाऱ्याचा बंगाल होता. तिथे राहण्यासाठी तिकीट काढावं लागत नाही, त्या इतकी वर्षं तिथे राहतच होत्या.

पण हट्ट सैल झाला म्हणजे काम झालं असं नव्हे. आमच्यातले बरेच जण इथेच थांबतात. पूर्वी मीही थांबत असे. ताईंच्या बाबतीत मात्र मला राहून राहून वाटत होतं, हेच गाव का? हेच जेवण का?

म्हणून पाचव्या भेटीत मी म्हटलं, "डोळे मिटा आणि तिथलं एक जेवण मला दाखवा. घाई करू नका."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. श्रावणातली दुपार. लाल कोब्याची थंडगार ओसरी. कांस्याचं ताट, मधोमध पांढऱ्या भाताची मूद, भोवती लहान लहान वाट्या. आधी शुक्तो, मग डाळ, मग भाजी, शेवटी दही आणि संदेश ही मिठाई. समोर बसून कुणीतरी ताडाच्या पंख्यानं वारा घालतंय. म्हणतंय, अजून दोन घास घ्या, आज काहीच खाल्लं नाहीत.

"त्या पानावर कोण बसलंय, ताई?"

"मी." त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही.

"आणि पुस्तकात? तिथे पानावर कोण असतं?"

त्यांनी डोळे उघडले. किती वेळ गेला, मी मोजला नाही. मीही गप्प राहिले. अशा शांततेत बोलायचं नसतं, हे शिकायला मला कितीतरी वर्षं लागली आहेत.

"पुस्तकात बाई पानावर बसतच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ती वारा घालते. आग्रह करते. तो जेवला नाही की रडते. आणि विधवा असली तर एकादशीला पाणीसुद्धा नाही. मॅडम, चाळीस वर्षं मी वाचतेय. मी कुणाच्या जागी बसून वाचत होते?"

"घरी तुम्ही कधी जेवता?"

"सगळ्यांचं झालं की. ओट्याशी. बहुतेक उभ्यानंच."

मी त्या दिवशी वहीत एकच ओळ लिहिली. स्वप्नातलं गाव पुस्तकातल्या गावापेक्षा जिथे वेगळं होतं, तिथे तो माणूस सापडतो. पुस्तक लेखकाचं असतं आणि पदार्थ त्या मुलखाचा. त्यांत आपण नकळत केलेला बदल मात्र आपला एकट्याचा असतो. हे मला कुठल्या ग्रंथात सापडलं नाही, ताईंनी दिलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला हाच प्रश्न विचारते. तिथे तुम्ही काय करताय? कुणाच्या जागी आहात? क्योतोवाला मुलगा तिथे एकटाच चालत असतो आणि त्याला कुणी मार्क विचारत नाही. लखनौचे सर बोलत असतात आणि समोरचा त्यांचं वाक्य पुरं होऊ देतो. हे ऐकल्यावर मला त्यांच्या घराबद्दल फार काही विचारावं लागलं नाही.

घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की थट्टा करू नका. त्या माणसाला जे थेट मागता येत नाही, ते तो त्या गावाच्या नावानं सांगत असतो. शुक्तो एकदा चाखून बघा. नाही आवडला तर नाही म्हणा, पण बसून चाखा.

"हे पलायन तर नाही ना?" असंही पुष्कळ जण विचारतात. मी सांगते, त्या गावाहून परतल्यावर काय होतं ते बघा. पुस्तक मिटून उठताना हाताला उत्साह येत असेल, कुणाला काही सांगावंसं वाटत असेल, काही शिकावंसं वाटत असेल, तर चिंता करू नका. पण झोप उडाली असेल, भूक मेली असेल, माणसं नकोशी झाली असतील, किंवा चालती नोकरी टाकून, कर्ज काढून तिकडे कायमचं जायचे बेत चालले असतील, तर थांबा आणि कुणाशी तरी बोला. अशा वेळी गावाच्या आड नैराश्य दडलेलं असू शकतं. तिथे मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही, मी स्वतः पाठवते.

आणि प्रत्यक्ष जावं की नाही? जमत असेल तर जरूर जावं. फक्त त्या शहरावर आपल्या आयुष्याचा भार टाकू नये. त्याला ठाऊकही नसतं की आपण चाळीस वर्षं त्याच्यासाठी झुरतोय. एखादं छोटंसं काम घेऊन जावं आणि शक्य तर थोडी भाषा शिकून जावी. पु. ल. देशपांडे बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले तेव्हा पन्नाशीचे होते. हे मी ताईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मला चारच वर्षं उशीर झालाय."

त्यांनी आधी घरात पान मांडलं. "मी पण आत्ताच बसणार आहे, ज्याचं त्यानं वाढून घ्या," एवढंच सांगितलं. पहिले काही दिवस सगळे अवघडले, पोळी कुठे आहे असं विचारत राहिले. यजमान एका रात्रीत बदलले असं मी म्हणणार नाही. ताई मात्र बसत राहिल्या. बंगालची ओढ कमी झाली का? मुळीच नाही. उलट त्या अक्षरं गिरवायला लागल्या. पण "नुसती काढली" हे वाक्य पुन्हा कधी आलं नाही.

जानेवारीत मैत्रिणीबरोबर त्या आझाद हिंद एक्सप्रेसनं हावड्याला गेल्या. परतल्यावर भेटायला आल्या. कॉलेज स्ट्रीटवर गोंगाट फार, म्हणाल्या. पुस्तकांच्या टपऱ्यांवर एकेक अक्षर लावत नावं वाचली. देउलटीला रूपनारायणाकाठचं शरदबाबूंचं घर पाहिलं. ओसरीवर बराच वेळ बसल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली.

मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. नोलेन गुडाचा, म्हणजे थंडीत निघणाऱ्या शिंदीच्या रसाच्या नव्या गुळाचा संदेश. डबा पुरता भरलेला नव्हता, एका कोपऱ्यात जागा मोकळी होती.

"सगळ्यांसाठी घेतला होता," ताई म्हणाल्या. "गाडी सुटल्यावर उघडला आणि आधी दोन मी खाल्ले. खिडकीशी बसून."