भिशी लागली म्हणून कॉफी मशीन?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांचं पत्र आहे. ते स्वतः गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरीला, पत्नी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतात, वर्षाच्या करारावर. दोघांचे मिळून ९२,००० हातात येतात. घराचा हप्ता २४,०००, बाकीचा घरखर्च ५०,००० च्या आसपास. अडीअडचणीसाठी १,१०,००० ची एफडी आहे. ऑफिसातल्या १२ जणांची दरमहा ५,००० ची भिशी चौथ्याच महिन्यात यांना लागली आणि ६०,००० हातात आले. त्यातून ४८,००० चं, ग्राइंडर आतच असलेलं एस्प्रेसो मशीन घ्यायचं म्हणतात. हिशेबही पाठवलाय: कॅफेत कॅपुचिनो १६० ला, रोज दोन कप धरले तर महिन्याला ९,६००, म्हणजे पाच महिन्यांत मशीनचे पैसे वसूल. वर विचारलंय, "यात काही चुकतंय का?"

हो, दोन ठिकाणी चुकतंय. कॉफीपेक्षा भिशीतली चूक मोठी आहे, म्हणून आधी ती.

१२ जणांच्या भिशीत शेवटचा नंबर लागला असता तर ६०,००० तुमचे होते, कारण तोवर तुम्ही तेवढे भरलेले असते. तुमचा नंबर चौथा. आजवर तुमच्या खिशातून गेले २०,०००. उरलेले ४०,००० बाकीच्या अकरा जणांनी तुम्हाला वापरायला दिलेत, आणि ते पुढच्या आठ महिन्यांत परत करायचेत. व्याज नाही, कागद नाही, म्हणून कर्जासारखं वाटत नाही एवढंच. उलट बँकेचा हप्ता चुकला तर दंड बसतो. भिशीचा चुकला तर रोज कँटीनमध्ये ज्यांच्या शेजारी बसता त्यांना तोंड द्यावं लागतं. तेव्हा "मोकळे ६०,०००" असं धरू नका. मोकळे फक्त २०,०००.

तुम्ही म्हणाल, भिशीचे ५,००० पगारातून जातातच, पुढेही जातील. जातील, दोन्ही पगार चालू आहेत तोवर. पत्नींचा करार मार्चमध्ये नव्याने व्हायचाय असं तुम्हीच लिहिलंय, आणि जूनमध्ये मुलीची ३८,००० फी आहे. महिन्याला तुमचे ७४,००० बाहेर जातात, भिशी सोडून. एफडीतले १,१०,००० म्हणजे दीड महिन्याची सोय. पगारांपैकी एक करारावरचा असेल त्या घरात मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा म्हणतो. तो एका झटक्यात होणार नाही, पण आलेली मोठी रक्कम उलट्या दिशेला जाऊ नये.

आता कॉफी. तुम्ही जोडलेले तीन महिन्यांचे यूपीआयचे व्यवहार मी बसून मोजले. कॅफेचे एकूण ५,७६०, म्हणजे ३६ कप, महिन्याला १२. रोज दोन कप तुम्ही पिता हे खरं, पण त्यातले बहुतेक घरी, इन्स्टंट पावडरचे. म्हणजे मशीनची तुलना ९,६०० शी नाही, आज प्रत्यक्ष जातात त्या पैशांशी करायची. बाहेर १,९२०, आणि घरातले ४८ कप दूध-पावडरीसकट १८ रुपयांनी ८६४. बेरीज २,७८४.

मशीन आल्यावर काय होईल? चांगल्या भाजलेल्या अरेबिका जातीच्या बीन्सच्या २५० ग्रॅमच्या पाकिटाला ५५० धरू. डबल शॉटला, म्हणजे एका कपासाठी दुप्पट अर्काला, १८ ग्रॅम लागतात, म्हणजे एका कपात ४० रुपयांची कॉफीच गेली. म्हशीचं दूध लिटरला ७० धरलं तर दीडशे मिलीचे दहा-साडेदहा. कप पडला ५० ला. (सिंगल शॉट घेतला तर ३० ला पडेल, पण सिंगलवर समाधान मानणारा माणूस ४८,००० चं मशीन घेत नाही.) मशीन सहा वर्षं चाललं असं समजू, वर्षाला ८,०००, क्षार काढायची (डिस्केलिंगची) पावडर, रबरी गॅस्केट, एखादी दुरुस्ती यांचे २,०००. महिन्याला ८३३ झाले. कॅफे निम्म्यावर आणला, सहा कप बाहेर आणि ५४ घरी, तरी एकूण ४,४९३. आजच्यापेक्षा १,७०० जास्त. कॅफे पूर्ण बंद केला तरी ३,८३३, म्हणजे हजारभर जास्तच. आणि तो बंद होणार नाही. संध्याकाळी ताराबाई पार्कातल्या कॅफेत मित्र-मैत्रिणींसोबत तासभर बसायचे १६० रुपये द्यावे लागतात, त्यात कॉफी निमित्तमात्र असते. घरात मशीन आलं म्हणून ते बसणं थांबत नाही.

वीज मी धरलीच नाही. दीड किलोवॉटचं मशीन रोज वीस मिनिटं चाललं तरी अर्धा युनिट. त्यावर रात्री जागू नका. बीन्सच्या भावाकडे मात्र लक्ष ठेवा. ब्राझीलमधल्या दुष्काळानंतर २०२५ च्या सुरुवातीला अरेबिकाचे जागतिक भाव विक्रमी पातळीवर गेले आणि आपल्याकडच्या पाकिटांवरही ते दिसले. कॉफी चिकमंगळूरची असली तरी भाव जगाच्या बाजारात ठरतो. मशीनचे पैसे एकदा जातात, बीन्सचे दर महिन्याला.

म्हणजे हे मशीन बचत करत नाही. महिन्याला १,७०० चा शौक आहे तो. शौकाला माझी ना नाही. या गावात कुणी कबुतरांवर, कुणी फुटबॉलच्या संघावर, कुणी शर्यतीच्या बैलांवर याहून कितीतरी जास्त घालतं आणि सुखात असतं. फक्त शौकाचा खर्च शौकाच्या खात्यात लिहा, बचतीच्या नको. बचत म्हणून लिहिला की पुढच्या वर्षी त्याच न्यायाने ओव्हन येतो.

"नो कॉस्ट ईएमआय"चा उल्लेख तुम्ही शेवटी ओझरता केलाय, तोही बघू. १२ महिने, ४,००० चा हप्ता. बँक यात व्याज घेतेच. दुकानदार तेवढी रक्कम किमतीतून वजा करून दाखवतो. १६ टक्क्यांनी ते व्याज ३,९०० च्या आसपास होतं आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे ७००, तुमच्याच कार्डावर पडतो. प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट गेली. रक्कम मोठी नाही, पण भिशीचे ५,००० आणि हे ४,००० मिळून दरमहा ९,००० अडकतात, तुमच्याकडे मुळात उरतातच १८,०००. एसआयपी बंद पडायची सुरुवात अशीच होते. नको.

मग कॉफी प्यायची नाही का? प्या की. ७-८ हजारांत एक मोका पॉट (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं भांडं) आणि एक बरा हँड ग्राइंडर येतो. मोका पॉट १९३३ मध्ये इटलीत निघाला आणि पुढे तिथल्या घराघरांत गेला, तिथेही प्रत्येकाकडे एस्प्रेसो मशीन नसतं. त्यात दाब एस्प्रेसोसारखा ९ बारचा नसतो, एक-दोन बारचाच असतो, त्यामुळे वर तो जाड क्रेमा, म्हणजे सोनेरी फेस, येणार नाही. पण तुम्ही दोघं दुधातली कॉफी पिता, आणि दुधाखाली मोकाचा अर्क पुरेसा कडक लागतो. तीन कपी पॉटमध्ये साधारण १७ ग्रॅम बसते, त्यात तुमचे दोघांचे कप होतात. कप पडतो २९ ला. वरच्याच पद्धतीने, पॉट-ग्राइंडरचे ८,००० सहा वर्षांवर वाटून मांडलं तर महिन्याचा खर्च २,६३७, म्हणजे आजच्यापेक्षा कमी आणि कॉफी इन्स्टंटपेक्षा कितीतरी चांगली. घेताना एवढंच बघा की अ‍ॅल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही.

ग्राइंडरवर पैसे घालायला सांगतोय ते मुद्दाम. बीन्स दळल्यावर त्यांचा वास भराभर उतरतो, आणि दळण एकसारखं नसेल तर ५०,००० च्या मशीनमधूनही आंबट किंवा कडवट पाणीच येतं. खोक्यावरचे "१५ बार", "२० बार" बघून भुलू नका. ती पंपाची ताकद, कॉफीला लागतात नऊच. स्वस्त मशीनमध्ये दुहेरी तळाची जाळी देतात, त्यातून कसल्याही दळणाचा फेस येतो, चव येत नाही. कॅप्सूलची (एकेका कपाच्या बंद डब्यांची) मशीनं सोपी आहेत, पण कॅप्सूलमध्ये पाचेक ग्रॅम कॉफी असते. ती ५० ला मिळाली तर ग्रॅमला दहा रुपये झाले, तुमच्या पाकिटातली सव्वादोनला पडते.

माझं म्हणणं असं. भिशीतले ४०,००० आजच वेगळ्या खात्यात टाका आणि पुढचे आठ हप्ते तिथूनच जाऊ द्या. त्यामुळे पगारातले ५,००० दरमहा सुटतील. ते आधी जूनच्या फीसाठी, मग अडचणीच्या एफडीत. उरलेल्या २०,००० मधले ८,००० कॉफीला, १२,००० एफडीला. आठ महिन्यांनी भिशी संपेल, पत्नींच्या कराराचंही कळलेलं असेल. तोवर रोज सकाळी हाताने दळायचा कंटाळा आला नसेल, तर महिन्याला ५,००० बाजूला टाकून रोखीने मशीन घ्या. दळायचं जिवावर आलं असेल तर ४०,००० वाचले.

तेव्हा घ्यायची वेळ आली तर दुकानात किंमत विचारायच्या आधी सर्व्हिस विचारा: कोल्हापुरात माणूस येतो, की एवढं धूड पुण्याला पाठवायचं? वॉरंटी संपल्यावर उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत गॅस्केट, व्हॉल्व्ह, पंप बघणारा कुणीतरी सापडेलच, पण वॉरंटीत असताना मशीन उघडू देऊ नका, खोकं माळ्यावर जपून ठेवा. बॉयलरमध्ये बोअरचं पाणी घालायचं नाही, क्षार बसून आधी तोच जातो. आणि दूध फ्रीजमधलं गार, साय काढलेलं घ्या. म्हशीच्या दुधाचा फेस दाट होतो. त्या बाबतीत कोल्हापूरकर कुठल्याही कॅफेच्या पुढेच आहेत.