पहिल्यांदाच सायबर सिक्युरिटी कॉन्फरन्स भरवतोयस?

भावा, कोल्हापुरात बोलायला कोण येणार, ही भीती आधी काढून टाक. वेळेत विचारलं की लोक येतात. तीन-चार महिने आधी मेल पाठव आणि त्यातच तारीख, किती मिनिटं बोलायचं, समोर कोण असणार, प्रवासखर्च कोणाचा, हे सगळं लिही. मानधन नसेल तर तेही. मुंबईच्या पाहुण्याला महालक्ष्मी एक्सप्रेस सुचव, रात्री बसला की सकाळी इथं.

नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे मोठ्या नावामागं धावणं. आम्हीही धावलो, आणि साहेबांनी तासभर कंपनीचं प्रॉडक्टच विकलं! म्हणून भाषणाचा गोषवारा आधी माग.

कॉलेजच्या पोरांना बोलता यावं म्हणून 15-20 मिनिटांचे स्लॉट ठेव. शिवाजी विद्यापीठात, इंजिनिअरिंग कॉलेजांत स्वतः जाऊन सांग. ‘मराठीत बोललं तरी चालेल’ एवढं लिहिलंस तरी निम्मी धास्ती जाते. एक रंगीत तालीमही घे. पण कुणी एखाद्या सिस्टीममधली त्रुटी शोधल्याचं सांगणार असेल, तर दोन प्रश्न सोडू नकोस:

- त्या सिस्टीमच्या तपासणीला मालकाची परवानगी होती का? नसेल तर 2000 चा आयटी कायदा आडवा येतो.
- सापडलेली त्रुटी संबंधितांना किंवा सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी यंत्रणा) कळवली का, आणि ती दुरुस्त झाली का? नसेल तर ते भाषण पुढच्या वर्षी.

प्रायोजक, परीक्षण समिती वगैरे नंतर बघू. आधी पाच वक्ते पक्के कर.