रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली तफावत) खाली आले म्हणजे उत्तर बरोबर असं नाही

सीएफडीत, म्हणजे संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवताना, आउटलेटवर (प्रवाह बाहेर पडतो त्या टोकाला) रिव्हर्स फ्लोची, म्हणजे प्रवाह उलटा आत येत असल्याची, वॉर्निंग येतेय म्हणून लगेच सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला) दोष देऊ नकोस. बहुतेक वेळा आउटलेट वळणाच्या किंवा व्हॉल्व्हच्या फार जवळ घेतलेलं असतं. भोवरा अर्धा आत, अर्धा बाहेर. पाइप व्यासाच्या दहापट सरळ पुढे वाढवून बघ.

भिंतीजवळची मेश (गणितासाठी जागेचे पाडलेले बारीक तुकडे) मात्र मन लावून तपास. वॉल फंक्शन (भिंतीलगतचा प्रवाह न सोडवता सूत्राने धरणं) वापरत असशील तर वाय-प्लस (भिंतीपासून पहिल्या तुकड्याचं एककरहित अंतर) ३० ते ३०० मध्ये हवा. एसएसटी या टर्ब्युलन्स (खळबळत्या प्रवाहाच्या) मॉडेलने थेट भिंतीपर्यंत सोडवायचं असेल तर १ च्या आसपास. ५ ते ३० हा मधला पट्टा कटकटीचा, तिथे धड हेही लागू नाही आणि तेही नाही. शिवाय प्रवाह भिंतीपासून सुटतो तिथे के-एप्सिलॉन हे दुसरं टर्ब्युलन्स मॉडेल कमी पडतं. सेटिंग कितीही ढवळलंस तरी ती मॉडेलचीच मर्यादा आहे.

सोल्यूशन डायव्हर्ज होत असेल (आकडे भरकटत असतील) तर फर्स्ट ऑर्डरने (ढोबळ पण स्थिर पद्धतीने) सुरू कर, स्थिरावलं की सेकंड ऑर्डरवर (जास्त अचूक पद्धतीवर) जा. फर्स्ट ऑर्डरवरच थांबून रिपोर्ट देणारे पुष्कळ आहेत (चित्रं छान गुळगुळीत दिसतात ना!), पण तो गुळगुळीतपणा बराचसा न्यूमेरिकल डिफ्यूजनचा (ढोबळ गणितामुळे तपशील पुसट होण्याचा) असतो.

रेसिड्युअल एका पातळीला अडकून वरखाली होत राहिले, तर प्रवाहच मुळात अस्थिर असू शकतो. ट्रान्झियंट (वेळेगणिक बदल धरणारं गणित) चालव आणि प्रेशर ड्रॉपवर मॉनिटर लाव.