वाड्यातला मुक्काम आणि तांब्यातल्या पाकळ्या

"मॅडम, तिथंसुद्धा काहीच झालं नाही. म्हणजे आता आमच्यात काही उरलंच नाही, असंच समजायचं ना?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं हे विचारलं. शेजारी नवरा, मान खाली, हातात गाडीची किल्ली. लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी वरचेवर ऐकते. कुणी गोव्याहून परतल्यावर विचारतं, कुणी महाबळेश्वरहून. ही दोघं नळदुर्गच्या अलीकडच्या एका गावात, जुन्या वाड्यात एक रात्र राहून आली होती. (ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.)

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्याचं कृषी सेवा केंद्र. लग्नाला चौदा वर्षं. दोन मुलं, सासूबाई, दोन खोल्यांचं घर. मुलं अजून दोघांच्या मध्ये झोपतात. अशा घरात नवरा-बायकोचं प्रेम आटलं असं म्हणण्याआधी त्याला जागा तरी कुठं होती, हे मी आधी बघते. आपल्याकडे एकांत मागणंच चोरटं वाटतं.

तिनं मात्र हिंमत केली होती. मोबाइलवर तो वाडा पाहिला: चौसोपी, ढाळजेत झोपाळा, लाकडी खांब, वर माळवद, राहायला फक्त पाच खोल्या. रात्रीचे साडेचार हजार आणि खोली फुलांनी सजवायचे वेगळे आठशे, असे पगारातून जमवले. सासूबाईंना सांगितलं, तुळजापूरला जातोय. ते खोटं नव्हतं. जाताना आईचं दर्शन घेतलं, ओटी भरली, मग पुढं गेले.

ऑगस्ट महिना. सोयाबीनवर चक्रीभुंगा पडलेला, त्यामुळं याचा फोन थांबेना. "कोणतं औषध मारू? पंपाला किती टाकू?" जेवणात येसराची आमटी आणि भाकरी होती, ती त्यानं एका हातानं खाल्ली. नऊ वाजता खोलीत गेले. पांढऱ्या चादरीवर गुलाबाच्या पाकळ्या. त्यानं काही न बोलता एकेक पाकळी वेचली, बिछाना मोकळा केला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. ती कितीतरी वेळ छताच्या तुळया मोजत राहिली.

"चौदा होत्या," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिला रडू दिलं. मग दोघांना सांगितलं की त्या मुक्कामाचा तास न् तास मला ऐकायचा आहे. काय राहून गेलं ते नको, काय काय घडलं ते सांगा.

मी असं का विचारते, ते सांगते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञानं १९९० मध्ये एक प्रयोगशाळा उभी केली, ती अशाच एखाद्या छोट्या, घरगुती मुक्कामाच्या जागेसारखी. नव्यानं लग्न झालेल्या १३० जोडप्यांना तिथं दिवसभर राहायला बोलावलं. स्वयंपाक करा, गप्पा मारा, खिडकीतून बघत बसा. संशोधकांचं लक्ष होतं एका बारीक गोष्टीवर. एकानं साद घातली, "तो पक्षी बघ" एवढीच का असेना, तर दुसरा मान वळवतो का? सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. ज्यांचं लग्न टिकलं होतं, त्यांनी त्या दिवशी शंभरातल्या सुमारे ८६ सादांना प्रतिसाद दिला होता. ज्यांचं मोडलं, त्यांनी सुमारे ३३. म्हणून मुक्काम कसा झाला हे विचारताना मी रात्रीपेक्षा या बारीक हाकांकडं जास्त बघते.

तर दुसऱ्या दिवशी ते नळदुर्गाच्या किल्ल्यात गेले. बोरी नदीचं पाणी अडवून बांधलेला तिथला बंधारा, त्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली केलेला पाणीमहाल. नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन धबधबे पडतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. पाण्याचा आवाज एवढा की खिशातला फोन वाजला तरी याला कळलं नाही. चोवीस तासांत पहिल्यांदाच.

"तिथं काही बोललात?" मी विचारलं.

ती म्हणाली, "नाही."

तो पहिल्यांदा बोलला. "असं कसं? मी कानाला लागून विचारलं, बांधणाऱ्यानं दोन धबधबे कशाला केले असतील? तर ही म्हणाली, एकटं पाणी बरं दिसलं नसतं म्हणून."

ती डोळे पुसायची थांबली. हे ती विसरून गेली होती. नुसती विसरली नव्हती, रात्रीच्या अपमानाखाली ते पार दबून गेलं होतं.

मग मी पाकळ्यांचं विचारलं. तो अवघडला. "आम्ही दर्शन करून आलाव. तशीच फुलं आईच्या ओटीत वाहून आलाव. ती अंगाखाली कुस्करायचं जिवावर आलं. फेकायची तरी कशी, हिनं पैसे दिलेले. म्हणून तांब्यात पाणी घालून त्यात ठेवली."

"तो तांब्या उशाशी होता," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, वाड्यावाल्यांनीच ठेवलाय." थोड्या वेळानं, "अहो, मग तेवढं बोलायचं तरी."

पुढचा भाग त्यानं एकट्यानं भेटल्यावर सांगितला. तिला सांगायची परवानगी त्यानंच दिली. "मॅडम, एवढा खर्च, एवढी सजवलेली खोली. अन् माझ्याच्यानं काही झालं नाही तर? ती काय म्हणंल? म्हणून झोपेचं सोंग घेतलं." ती रात्रभर समजत होती, मी त्याला नकोशी झाले. तो रात्रभर जागाच होता.

अशी भीती किती पुरुष पोटात घेऊन फिरतात! मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी जोडीनं १९७० मध्येच मांडलं होतं की 'जमेल ना?' या भीतीनं माणूस त्या क्षणी स्वतःकडंच परीक्षकासारखा बघायला लागतो आणि मग शरीर साथ देत नाही. त्यांचा उपाय आजही आम्ही वापरतो. काही आठवडे संबंध ठेवायचेच नाहीत, असं आधी ठरवून टाकायचं. फक्त हात, पाठ, केस यांना निवांत स्पर्श. परीक्षाच रद्द झाली की भीती सैल पडते. मी दोघांना तेच सांगितलं. त्याला रक्तातली साखर आणि रक्तदाबही तपासून घ्यायला लावलं. चाळिशीत ही अडचण कधी कधी मधुमेहाची पहिली खूण असते, ते लाजेपायी अंगावर काढू नये. त्याची साखर थोडी वाढलेली निघाली. वेळेवर कळलं म्हणून मला फार बरं वाटलं.

दुसरी गोष्ट मी तिला सांगितली. त्या एका रात्रीवर चौदा वर्षांचा निकाल टांगून ती तिथं गेली होती. साडेचार हजारांची खोली तो निकाल कसा देणार? तुळया मोजण्याऐवजी "जागे आहात का?" एवढं विचारलं असतं तर? यावर ती माझ्यावर थोडी रागावली. "दर वेळी मीच विचारायचं का?" तिचा राग रास्त होता. वाडा तिनं शोधला, पैसे तिनं जमवले, सासूबाईंना तिनं समजावलं. म्हणून पुढची सगळी जुळवाजुळव मी त्याच्याकडं दिली.

तीन आठवड्यांनी आले. मुलं आता आजीच्या खोलीत झोपतात, हे त्यानं आईशी स्वतः बोलून ठरवलं होतं. आई म्हणे, "मी कधीची म्हणत होते." रात्री आठला दुकानाचं शटर ओढलं की फोन बंद.

"पुन्हा वाड्यात जायचं का, विचारलं हिला," तो म्हणाला.

"मी म्हटलं, आधी गच्चीवर बाज टाका."

"टाकली?"

"परवाच," तो म्हणाला. "सुंभ नवा विणून घेतला. रात्री पावसाचे चार थेंब आले, मी उठायला लागलो. हिनं हात धरून ठेवला."