अणुऊर्जेवरचा लोकांचा विश्वास माध्यमांमुळेच उडाला का?

माध्यमांनी हातभार लावला हे खरं, पण 'माध्यमांमुळेच' हे मला पटत नाही. मी स्वतः अणुऊर्जेच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचंच घ्या. 12 मार्च 2011 ला पहिल्या अणुभट्टीची इमारत फुटली, 14 ला तिसरीची. ती दृश्यं वाहिन्यांनी इतकी उगाळली की बघणाऱ्याला अणुबॉम्बच आठवावा. फुटला होता तो हायड्रोजन; त्सुनामीमुळे भट्टी थंड ठेवणारा पाणीपुरवठा बंद पडल्यावर इंधनाची तापलेली वेष्टनं आणि वाफ यांच्यातून तयार झालेला. त्सुनामीत सुमारे 18 हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, आणि कित्येकांच्या डोक्यात तो आकडा आजही अणुभट्टीच्या खात्यावर जमा आहे. किरणोत्सर्गाचा बळी म्हणून जपान सरकारने पहिल्यांदा एका कामगाराचा मृत्यू मान्य केला, तो 2018 मध्ये.

इथवर दोष माध्यमांचा. पण तीन भट्ट्यांतलं इंधन पहिल्या काही दिवसांतच वितळलं होतं, ते हे केंद्र चालवणाऱ्या टेप्को कंपनीने कबूल केलं मे महिन्यात! 'मेल्टडाऊन' हा शब्द तोंडातून काढू नका, असं कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच बजावलं होतं, हे 2016 मध्ये बाहेर आलं. याचं खापर कुठल्या वाहिनीवर फोडणार?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाचा विरोध तर फुकुशिमाच्या आधीचा. 1650 मेगावॅटच्या सहा भट्ट्या येणार, म्हणून तिथल्या माडबन गावच्या बऱ्याच जमीनमालकांनी मोबदल्याचे चेक घेतलेच नव्हते. साखरीनाट्याच्या मच्छीमारांचा सवाल सरळ होता: एवढं गरम पाणी समुद्रात सोडलंत तर मासळी राहील का? त्यांना टीव्हीने भडकवलं म्हणणं म्हणजे त्यांना स्वतःचा धंदा कळत नाही म्हणण्यासारखं आहे. एप्रिल 2011 मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला, त्यानंतर तर बोलणंच खुंटलं.

तारापूरच्या 1969 च्या दोन भट्ट्या फुकुशिमासारख्याच, उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. मग तिथे काय होईल, हे फुकुशिमानंतर विचारणारा पत्रकार अफवा पसरवत नव्हता. उत्तर द्यायचं होतं अणुऊर्जा नियामक मंडळाने. पण ते मंडळ तेव्हा अणुऊर्जा आयोगाच्या हाताखालचं होतं, आणि आयोगाचा अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा विभागाचा सचिव. वीजकेंद्रं चालवणारी सरकारी कंपनीही त्याच विभागाची. मंडळाला पुरेशी कायदेशीर स्वायत्तता नाही, हे 2012 मध्ये सरकारी कारभार तपासणाऱ्या खुद्द कॅगने लिहून ठेवलं होतं.