40 चाली झाल्या, मग ती 30 मिनिटं कुठे गेली?

बुद्धिबळ : वाचकांचे प्रश्न

मुलीच्या एका स्पर्धेच्या माहितीपत्रकात '90+30' होतं, दुसरीच्या '15+10'. यातली क्लासिकल कुठली, रॅपिड कुठली? (एक पालक, सांगली)

पहिला आकडा मिनिटांचा, दुसरा सेकंदांचा. हे सेकंद दर चालीमागे खेळाडूच्या वेळेत जमा होतात, त्याला इन्क्रिमेंट म्हणतात. फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना डाव 60 चालींचा धरून हिशेब करते, त्यामुळे चालीमागे 30 सेकंद म्हणजे एकूण 30 मिनिटं. थोडक्यात, दोन्ही आकड्यांची सरळ बेरीज करा. 60 किंवा जास्त आली तर क्लासिकल, 10 च्या वर पण 60 च्या आत आली तर रॅपिड, 10 किंवा कमी आली तर ब्लिट्झ. 90+30 ची बेरीज 120, 15+10 ची 25. फसगत कडेच्या आकड्यांवर होते. 50+10 हा रॅपिड वाटतो, पण तो क्लासिकलमध्ये मोडतो. नुसत्या 10 मिनिटांचा डाव ब्लिट्झ, तर 10+5 रॅपिड. तिन्हींचं रेटिंग वेगवेगळं असतं.

आणि 15+10 ला कमी लेखू नका. 2025 चा महिला विश्वचषक नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीविरुद्ध जिंकला, तो दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटल्यावर, याच वेळेच्या डावांत.

आमची स्पर्धा 40 चालींना 90 मिनिटं, पुढे 30 मिनिटं आणि पहिल्यापासून 30 सेकंद इन्क्रिमेंट अशी होती. माझ्या 41 व्या चालीला घड्याळात दोनच मिनिटं होती. वाढीव 30 मिनिटं आलीच नाहीत. पंच म्हणाले, खेळत राहा. हे बरोबर का? (एक खेळाडू, नाशिक)

बरोबर. डिजिटल घड्याळ दोन तऱ्हांनी लावता येतं. एका तऱ्हेत घड्याळ चाली मोजतं आणि 40 वी चाल दाबली की 30 मिनिटं जोडतं. दुसरीत ते चाली मोजत नाही, पहिला टप्पा 0.00 वर आला की मगच जोडतं. तुमचं घड्याळ दुसऱ्या तऱ्हेचं होतं. वेळ हरवलेली नव्हती, शून्याच्या पलीकडे थांबली होती. तेवढ्यात घाबरून दोन मिनिटांत चाली उरकणं, हेच खरं नुकसान.

चाली मोजणारं घड्याळही आंधळेपणाने मानू नये. ते चाल बघत नाही, दाबणं मोजतं. एखाद्याने चाल करून दाबलंच नाही आणि समोरच्याने तसंच उत्तर दिलं, किंवा नियमबाह्य चालीनंतर घड्याळ थांबवून पुन्हा सुरू करताना आकडा दुरुस्त करायचा राहिला, की मोजणी एकाने चुकते. मोजणी पुढे गेली असेल, तर तुम्ही 39 व्या चालीला 40 झाल्या असं समजून निवांत बसता.

चाली न मोजणाऱ्या घड्याळात सर्वांत घातक गोष्ट अशी: 40 चाली पूर्ण व्हायच्या आत शून्य आलं तरी घड्याळ पुढची 30 मिनिटं जोडून चालूच राहतं. पडद्यावर फ्लॅगची, म्हणजे वेळ संपल्याची, खूण मात्र येते. पंच स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) तपासतात, 39 चाली निघाल्या की डाव गेला. समोरच्याकडे कुठल्याही मार्गाने मात होऊच शकत नसेल, तरच बरोबरी. म्हणून डाव सुरू होण्याआधी पंचांना एवढंच विचारा, 'घड्याळ चाली मोजतंय का?' आणि नंतर मोजणी स्वतःच्या कागदावर ठेवा.

पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला की चाली लिहिणं सोडता येतं ना?

30 सेकंद किंवा जास्त इन्क्रिमेंट असेल तर नाही, शेवटपर्यंत लिहावं लागतं. क्रम मात्र नीट ठेवा: चाल, त्याच हाताने घड्याळ, मग लिखाण. लिहून मग दाबणारे दर चालीला चार-पाच सेकंद स्वतःचेच घालवतात. चाल करण्याआधी ती लिहून ठेवणं नियमात बसत नाही.

आमच्या वेळी डाव तहकूब करून चाल पाकिटात बंद करत. ते का गेलं? (एक जुने खेळाडू, कोल्हापूर)

संगणकामुळे. 1972 मध्ये रेक्याविकला झालेल्या स्पास्की-फिशर जागतिक अजिंक्यपद सामन्यात 40 चालींना अडीच तास होते. 21 व्या डावात स्पास्कीने 41 वी चाल पाकिटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी फोनवरूनच हार मानली. तेव्हा रात्रभराचं विश्लेषण माणसं करत, आता ते यंत्र करील. त्याच सामन्याच्या विजेत्याने, फिशरने, पुढे इन्क्रिमेंटच्या घड्याळाचं पेटंट घेतलं, हा एक गमतीचा योग.

जागतिक अजिंक्यपदात मात्र इन्क्रिमेंट अजून जपून वापरतात. 2024 ला सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंग यांना पहिल्या 40 चालींसाठी 120 मिनिटं होती, पण एक सेकंदही जमा होत नव्हता. 30 मिनिटं आणि चालीमागे 30 सेकंद 41 व्या चालीपासून.

तहकुबी गेल्याचा फटका डावाच्या अंतिम टप्प्याला बसला, असं आमचं मत. हत्ती आणि प्याद्यांचे जे शेवट पूर्वी निवांत तपासले जात, ते आता पाचव्या तासाला अर्ध्या मिनिटात खेळावे लागतात. सराव तसाच करा: हत्ती-प्याद्यांची स्थिती मांडा, दोघांच्याही घड्याळात 1 मिनिट आणि चालीमागे 30 सेकंद लावा आणि चाली लिहीत खेळा.