पाटीवरची आई

‘नऊ वर्षं डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. श्रावणात माझी आई गेली. लेकीला तीन दिवसांचं सुतक, चौथ्या दिवशी शटर उघडलं. तेव्हापासून काउंटरवर हसते, बोलते आणि घरी आले की वाटतं, आपण नाटकी झालोय. भाचा माझ्या हसण्याचे रील टाकतो. म्हणतो, चायनीज सुरू कर, पार्टीच्या ऑर्डरी घे. हे सगळं कशासाठी करतेय तेच कळेनासं झालंय. बंद करू का?’

अगं, वयानं मी मोठी, म्हणून अगं-तुगं करते.

गिऱ्हाईक समोर आल्यावर ‘किती पोळ्या देऊ?’ हे हसून विचारायची आपली रीत आहे. दारात आलेल्याला पाणी देताना आपण आधी स्वतःचा मूड तपासत बसतो का? तुझं दुःख साऱ्या डोंबिवलीला कळायला हवं असं थोडंच आहे! आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी हसू नकोस. पोळी गरम असली आणि सुटे पैसे नीट मिळाले की कुणाचं काही अडत नाही.

माझी मावशी लालबागला गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. जेवण महिनाभर, पैसे पगाराला. बाई कमालीची तुसडी. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, दोन पगार बुडाले, तेव्हा एका रात्री ताटं वाढायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, ‘उद्यापासून भाजी नाही. आमटी-भात मिळेल. परवडत नाही.’ कुणी रुसलं नाही म्हणे. (मावशीपुढे रुसायची हिंमत होती कुणाला, हा प्रश्न वेगळा.)

मावशी आठवली ती तुझ्या मूळ पत्राच्या (वर ते थोडक्यात दिलंय) तिसऱ्या पानामुळे. तिथं कंसात एक ओळ आहे, ‘दिवाळीपासून गोडा मसाला विकतचाच आणते.’ आणि पहिल्या पानावर तू तुझ्या पाटीचं कौतुक केलंयस : ‘आईच्या हातच्या मसाल्याची आमटी’. अगं, टोचतेय ती ही पाटी. रोज शटर वर करताना ती नजरेला पडते आणि दिवसभर तू बिचाऱ्या हसण्याला बोल लावतेस. विकतचा मसाला वापरण्यात गैर काहीच नाही, मीही वापरते. पण मग पाटी तरी उतरव. नाहीतर मसाला कर.

एकदम दुकानापुरता नको, पाव किलो धण्यांचा कर. आई प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायची, तिळाचा पहिला तडतडाट झाला की कढई उतरवायची, हे तूच लिहिलंयस. म्हणजे कृती हाताला पाठ आहे. तरी आठ महिने करायला बसली नाहीस, ते का हेही मला कळतं. खोबऱ्याचा वास सुटला की रडू येईल. येऊ दे. आई गेल्यापासून ते बाहेर पडायला तू वेळच कुठे दिलास? झोपही उडाली असेल तर मात्र डॉक्टरांकडे जा, अंगावर काढू नकोस.

राहिलं ‘कशासाठी’. पार्टीच्या ऑर्डरींवर तू एक ओळ लिहिलीस, तीही कुरकुरत. आणि रात्रीच्या लोकलनं उतरणाऱ्या त्या नर्सवर अर्धं पान! ती तीन पोळ्या घेते, एक तिथंच गुंडाळून उभ्यानं खाते, म्हणून तू तिच्यासाठी तवा तापता ठेवतेस. आता यापुढे मी काय सांगू?

पार्टीच्या दोन ऑर्डरींनी महिन्याचं भाडं सुटत असेल तर खुशाल घे. भाडं भरणं हेही ध्येयच आहे. चायनीजचं मात्र आधी कागदावर मांड. १९ किलोचा सिलिंडर सध्या किती दिवस जातो, मोठ्या शेगडीवर किती जाईल, वर एक माणूस लागेल त्याचा पगार किती. तो कागद भाच्याच्या हातात दे. आणि त्याला रील काढायचेच असतील तर पोळी लाटणारे हात काढ म्हणावं, चेहरा नको.

दुकान बंद करायचं की नाही ते वर्षश्राद्ध झाल्यावर बघ. सोमवारी तुझी सुट्टी असते ना? मसाल्याला अख्खी दुपार जाईल, पाटी उतरवायला एक स्टूल आणि पाच मिनिटं पुरतील. काय करायचं ते तू ठरव. मसालाच केलास तर भाजताना खिडकी उघडी ठेव, ठसका लागतो.